फोटो क्रमांक बावीस ते सत्तावीस

नांदेड,
दि. १० मार्च १९८६

ती. शरणप्पाकाका यांस,
जगदेवीचा शरणु शरणार्थ.

माझं पत्र बघून तुम्हाला नवल वाटेल. बाबांना जाऊन चार वर्षं झाली, पण मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. त्याआधीही आपल्या दोन घरांत येणंजाणं नव्हतंच. बाबांचे तुम्ही सख्खे चुलतभाऊ, आणि तरी मला तुमचं आठवतं ते एवढंच, की त्यांच्या मातीला तुम्ही आलात, मूठभर माती लोटलीत आणि चहाही न घेता लातूरच्या गाडीत बसलात.

बाबांच्या माघारी मला गोदातीर विद्यापीठाने ग्रंथालयात घेतलं, हे तुमच्या कानावर असेल. यंदा विद्यापीठाला पंचवीस वर्षं होतात. अकरा मेला रौप्यमहोत्सव आहे. महोत्सवाचे सगळे कागद, फोटो, पत्रिका, भाषणं गोळा करायची, क्रमांक घालायचे आणि कायमची जपून ठेवायची, हे काम माझ्याकडे आलंय. त्या दिवशी सभागृहात जुन्या फोटोंचं प्रदर्शनही मीच मांडायचं आहे. जुन्या फाइलमध्ये स्थापनेच्या दिवसाचे चारच फोटो उरलेत, तेही वाळवीने कडा खाल्लेले. त्यांच्या मागे शिक्का आहे : 'शरण फोटो स्टुडिओ, नांदेड'. तुमचा स्टुडिओ आधी नांदेडला होता हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. निगेटिव्ह तुमच्याजवळ असतील तर पाठवाल का? काम झालं की जशाच्या तशा परत करीन.

आणखी एक. बाबांना मरणोत्तर मानपत्र देणार आहेत, 'विद्यापीठाचे पहिले बांधकाम मिस्त्री' म्हणून. आईला मंचावर बोलावतील. तुम्ही आणि दानम्माकाकू आलात तर बरं वाटेल.

इकडे पाण्याचे हाल आहेत. गोदावरीत नुसती वाळू. आमच्या क्वार्टरला तिसऱ्या दिवशी टँकर येतो. पण महोत्सवाची तयारी जोरात आहे. सभागृहाला आतून एक नवी गॅलरी काढतायत, दोनशे माणसं बसतील अशी.

आपली,
जगदेवी


श्री बसवेश्वर प्रसन्न

लातूर, ता. १९ मार्च ८६

चि. जगदेवीस अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. तुझं अक्षर तुझ्या बापावर गेलं न्हाई हे बरं हाय, त्याचं वाचायला मला भिंग लागायचं. माझी शाळा उर्दू, मराठी लिहिताना अजून हात अडतो. सांभाळून घे.

लातूरचा जिल्हा झाल्यापासून धंदा बरा हाय. रोज नवीन हापिस, रोज नवीन पाटी, आणि अर्जाला चिकटवायला पोरापोरींना फोटो पाहिजे. गंजगोलाईत माझ्या दुकानापुढं रांग लागती. फक्त पाणी न्हाई. फोटो धुवायला वाहतं पाणी लागतं, मी एकाच बादलीत तीन दिवस धुवून राहिलो. फोटो पिवळे पडतील म्हणून सांगितलं तर पोरं म्हणतात, नोकरी लागेस्तोर टिकला तरी लई झालं.

निगेटिव्ह न्हाईत. नांदेडहून सामान हलवलं तेव्हा पेटी पावसात भिजली, सगळ्या एकमेकीला चिकटल्या. त्याचा नाद सोड.

माणिकप्पाच्या मानपत्राचं वाचलं. नको म्हणून सांग. त्याला आवडलं नसतं. मला यायला जमायचं न्हाई, तबियत ठीक नसती.

आणि दुष्काळाच्या साली कुणी बांधकाम काढतं का? तिथं विचारणारं कुणी न्हाई?

तुझ्या आईला, रत्नम्मावहिनीला, नमस्कार सांग. न सांगितला तरी चालंल.

शरणप्पा


नांदेड,
दि. १६ एप्रिल १९८६

ती. काका यांस,
शरणु शरणार्थ.

उत्तराला उशीर झाला. कामाचा ढीग पडलाय.

निगेटिव्ह गेल्या याचं वाईट वाटलं. पण तुमच्या हाताची एक गोष्ट मला सापडली. फोटोंची यादी. एक ते छत्तीस असे आकडे, प्रत्येकापुढे काय आहे ते लिहिलेलं. त्यात बावीस ते सत्तावीस या सहांवर लाल शाईची रेघ मारलीय, पुढे एकच शब्द आहे, 'वादळ', आणि खाली भुजंगरावांची सही. ते तेव्हा संस्थेचे चिटणीस होते, आता महोत्सव समितीचे अध्यक्ष आहेत. मी सरळ त्यांनाच विचारलं. म्हणाले, "स्थापनेच्या आदल्या दिवशी वादळ झालं, मांडव पडला. शुभकार्यात ते कशाला दाखवायचं?"

गंमत अशी, की जुन्या नकाशात सभागृहापुढे मोठा पोर्च दाखवलाय. आज तिथे पोर्च नाही, सपाट अंगण आहे. आणि तुमच्या एका फोटोत स्थापनेचं व्यासपीठ नेमकं त्याच जागी आहे, ते पुरुषभर उंच. एवढं उंच कशाला बांधलं होतं? पाहुण्यांना चढवायला दोन माणसं हात देतायत. तुम्हाला काही आठवत असेल तर लिहा, फोटोखाली चार ओळी घालायच्या आहेत.

गॅलरीचा स्लॅब परवा, चौदा तारखेला, ओतला. उद्घाटनाला शिवकांताबाई त्यांच्या शाळेच्या एकशेवीस मुलींना गॅलरीत उभ्या करून विद्यापीठगीत गाऊन घेणार आहेत. त्यांची तालीम आमच्या ग्रंथालयामागे चालते. दुपारच्या उन्हात त्या पोरी गातात तेव्हा दुष्काळ विसरायला होतो.

आपली,
जगदेवी


लातूर, ता. २० एप्रिल

चि. जगदेवीस आशीर्वाद.

स्लॅबवर पाणी मारून राहिलेत का? दिवसातून कितीदा? खालचे टेकू कधी काढणार? गॅलरीला मधे खांब हाय का नुसती भिंतीतून पुढं काढली? एवढ्याचं उत्तर पाठव. उलट टपाली.

भुजंगरावाला आता काही विचारू नको.

शरणप्पा


नांदेड,
दि. २४ एप्रिल १९८६

ती. काका यांस,
शरणु शरणार्थ.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. फोटोग्राफरला स्लॅबचं काय पडलंय ते कळेना. तरी वॉचमन केरबाला विचारून घेतलं. सभागृहाच्या किल्ल्या त्याच्याकडे असतात, आणि सकाळ-संध्याकाळ तिथलं सगळं त्याच्या डोळ्यांदेखत होतं. पहिले चार दिवस घागरीने पाणी शिंपडलं. नंतर ते बंद झालं. टँकरचं पाणी पाहुण्यांच्या विश्रामगृहाला आणि प्रवेशद्वाराजवळच्या हिरवळीला जातं. खांब नाही, खालून बघणाऱ्याला आड येतो म्हणून. टेकू परवा, सव्वीसला काढणार. खाली रंग द्यायचाय आणि खुर्च्या मांडायच्या आहेत.

आता मी एक विचारते, राग मानू नका. तुमचं आणि बाबांचं काय झालं होतं? तुम्हाला पत्र लिहिल्याचं आईला सांगितलं तर ती ताटावरून उठली. "त्या माणसाला आपल्या घरात ओढू नको," एवढंच म्हणाली. बाबांनी तुम्हाला नांदेडमधून घालवलं असं मला लहानपणापासून वाटत आलंय. मानपत्र नको म्हणता तेही त्याच रागातून का? मेलेल्या माणसावर इतका राग धरू नये, काका.

जगदेवी


श्री बसवेश्वर प्रसन्न

लातूर, ता. २७ एप्रिल ८६

चि. जगदेवीस आशीर्वाद.

हे पाकीट टपालानं पाठवत न्हाई. आपल्या ओळखीचा गुंडप्पा कंडक्टर हाय, त्याच्या हाती देऊन राहिलो. तुझ्याच हातात दे म्हणून सांगितलंय. आत सहा निगेटिव्ह आणि त्यांचे मोठे फोटो हायेत. पेटी भिजली म्हणून लिहिलं ते खोटं. पत्र आधी वाच, फोटो मग बघ. दारं लावून बघ, आईसमोर नको.

सन एकसष्टला बी अशीच पाणीटंचाई होती. अकरा मेला स्थापना ठरली, पाहुणे ठरले, आणि इमारत अर्धी. भुजंगरावाचा हुकूम होता की पाहुण्यांची मोटार थेट पोर्चखाली येऊन थांबली पाहिजे. तुझ्या बापानं घाईनं पोर्चचा स्लॅब ओतला. पाणी मारायला पाणीच नव्हतं. आठव्या दिवशी भुजंगराव आला, म्हणाला, "माणिकप्पा, ह्या टेकूच्या बल्ल्या काढ. मोटार कुठून घेणार?" तुझा बाप म्हणाला, "साहेब, एकवीस दिवस तरी ठेवू द्या, कच्चा हाय." मी तिथं होतो, कॅमेरा घेऊन. भुजंगराव म्हणाला, "तुला जमत नसेल तर दुसरा मिस्त्री बघतो."

जगदेवी, तू तेव्हा सहा वर्षांची होतीस. तुझ्या आईला दवाखान्यात ठेवलं होतं. तुझ्या बापानं बल्ल्या काढल्या. नवव्या दिवशी सकाळी, स्वतःच्या हातानं. बाकीचे मजूर हात लावायला तयार नव्हते.

दहा मेच्या दुपारी भोकरकडचे मजूर त्याच पोर्चच्या सावलीला भाकरी खायला बसले. दुसरी सावली कुठं नव्हती. मी समोरून मांडवाचे फोटो घेऊन राहिलो होतो. आवाज मोठा नव्हता. पोतं टाकल्यासारखा झाला. केवळाबाई, तिची जाऊ गयाबाई आणि दगडोबा, तिघं गेली. त्या दिवशी झाडाचं पान हाललं न्हाई. वादळ भुजंगरावानं लिहिलं.

माझा हात आपोआप चालला. सहा फोटो काढले. बावीस ते सत्तावीस.

तिघांना ट्रकमधे घालून गावाकडं नेलं. मलबा उचलायला येळ नव्हता, म्हणून त्याच्यावर फळ्या टाकल्या, सतरंज्या टाकल्या. तेच व्यासपीठ. म्हणून ते पुरुषभर उंच दिसतंय. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर उभं राहून सगळ्यांनी भाषणं केली. मी त्याचे बी फोटो काढले.

तुझ्या बापानं मला घालवलं न्हाई. तो सांजच्याला माझ्या दुकानात आला आणि पायाशी बसला. म्हणाला, "शरण्या, ते फोटो जाळ, न्हाईतर मला फाशी होईल, माझी पोर लहान हाय." मी जाळतो म्हटलं. जाळले न्हाईत. आणि तोंड बी उघडलं न्हाई. एका गावात राहून रोज त्याचं तोंड बघणं मला जमलं न्हाई, म्हणून लातूरला आलो. एवढंच आमचं भांडण.

आता तुमची गॅलरी. चार दिवस पाणी, बाराव्या दिवशी टेकू, खांब न्हाई, आणि वर एकशेवीस पोरी. मी फोटोग्राफर हाय, पण एक स्लॅब पडताना बघितलाय. ह्या फोटोंचं काय करायचं ते तू ठरव. त्यात तुझा बाप हाय. सव्वीस नंबरमधे तो मलब्यात हात घालून बसलाय.

शरणप्पा


नांदेड,
दि. ५ मे १९८६

काका,

आठ दिवस मी तुम्हाला लिहू शकले नाही. पहिले दोन दिवस तर तुम्ही खोटं लिहिलंय असंच धरून चालले होते. मग सव्वीस नंबरचा फोटो आईपुढे ठेवला. तुम्ही नको म्हणाला होता, तरी ठेवला.

ती रडली नाही. फोटो हातात धरून म्हणाली, "तुझा बाप जन्मभर कुठल्या छज्ज्याखाली उभा राहिला नाही. पाऊस आला तर भिजत यायचा. लोक येडा म्हणायचे." मग म्हणाली, "तुला त्या जागेवर नोकरी लागली तेव्हाच मला भ्या वाटलं होतं."

टेकू ठरल्याप्रमाणे सव्वीसला निघाले. तुमचं पाकीट अठ्ठावीसला मिळालं. केरबाला घेऊन मी वर गेले. गॅलरी भिंतीला जिथे जोडली आहे तिथे, वरच्या बाजूने, या टोकापासून त्या टोकापर्यंत केसाएवढी रेघ आहे. मी नखाने खरवडलं तर भुकटी निघाली. केरबा म्हणाला, "ताई, ही रेघ परवा दाराजवळ संपत होती." तिथून उतरताना आम्ही दोघंही भिंतीच्या कडेकडेने आलो.

कंत्राटदाराचा इंजिनिअर म्हणाला, प्लॅस्टरची भेग आहे, रंगात झाकली जाईल. झाकलीही.

मग भुजंगरावांकडे गेले. फोटो नेले नाहीत, नुसतं बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "हे तुला कुणी सांगितलं?" मग स्वतःच म्हणाले, "शरणप्पा अजून जिवंत आहे वाटतं. लातूरला असतो ना?" टेबलावर बाबांचं मानपत्र छापून आलेलं होतं. ते माझ्याकडे सरकवून म्हणाले, "मुली, टेकू काढले ते हात माझे नव्हते. ह्या कागदावर काय राहावं ते तू ठरव. आणि तुझ्या नोकरीच्या कागदावरही."

मी तुमचं नाव सांगितलं नव्हतं, काका. जपून राहा. सहा दिवस उरलेत. तुम्ही या. तुम्ही उभे राहून बोललात तर कुणीतरी ऐकेल. माझं एकटीचं कुणी ऐकत नाही.

जगदेवी


लातूर, ता. ८ मे

चि. जगदेवीस आशीर्वाद.

परवा दोघंजण दुकानात आले. पासपोर्ट फोटो पाहिजे म्हणाले. एक खुर्चीवर बसला, दुसरा भिंतीवरचे जुने फोटो बघत फिरून राहिला. जाताना म्हणाला, "काका, नांदेडचं जुनं काही ठेवलंय का?" न्हाई म्हटलं. नाव लिहायचंय म्हटलं तर नाव दिलं न्हाई. फोटो न्यायला परत आले न्हाईत. काल बी समोरच्या हाटेलात बसून होते.

तुझं पत्र मिळाल्याबरोबर मी सकाळच्या गाडीनं निघालो होतो. अहमदपूरला गाडी थांबली, तिथं उतरलो, आणि परतीच्या गाडीत बसलो. तबियतीचं कारण लिहिणार होतो, पण तुला आता खोटं लिहायचं न्हाई. मला भ्या वाटलं. पंचवीस वर्षांत कमी झालं न्हाई, वाढलं.

फोटो तुझ्यापाशी हायेत. तू माझी वाट बघू नको.

शरणप्पा


नांदेड,
दि. १३ मे १९८६

ती. काका यांस,
शरणु शरणार्थ.

तुम्ही आला नाहीत याचा राग मी धरलेला नाही. जे झालं ते सांगते.

प्रदर्शनाचे फलक लावायचं काम माझंच होतं, त्यामुळे अकरा तारखेला सकाळी सात वाजता सभागृहात मला कुणी अडवलं नाही. गॅलरीच्या जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी मी एक फलक आडवा लावला. त्यावर तुमचे सहा फोटो, आणि खाली माझ्या अक्षरात : '१० मे १९६१. सभागृहाच्या पोर्चचा स्लॅब. मृत : केवळाबाई, गयाबाई, दगडोबा. पाणी न मारता ओतला. टेकू नवव्या दिवशी काढले. काढणारे : मिस्त्री माणिकप्पा, माझे वडील. हुकूम : चिटणीस. वरच्या गॅलरीचा स्लॅब १४ एप्रिल १९८६ रोजी ओतला. टेकू बाराव्या दिवशी काढले.'

'माझे वडील' हे दोन शब्द लिहायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला.

साडेआठला शिवकांताबाई मुलींची रांग घेऊन आल्या. त्यांनी वाचलं. मान वर करून गॅलरीकडे बघितलं. मला म्हणाल्या, "हे खरं आहे?" मी म्हटलं, "सव्वीस नंबरमध्ये बघा. ते माझे बाबा." त्या मागे वळल्या आणि पोरींना म्हणाल्या, "चपला घाला. आपण अंगणात गायचं." एका मुलीने विचारलं, "का बाई?" त्या म्हणाल्या, "मी सांगते म्हणून." बस्स.

पंधरा मिनिटांत भुजंगराव आले. फलक उचलून नेला. फोटो फाडले. निगेटिव्ह माझ्याकडे आहेत. पण तोवर जिन्याजवळ आलेल्या पन्नासेक लोकांनी वाचलं होतं. त्यांतलं कुणी वर गेलं नाही. दोनशे खुर्च्यांची गॅलरी पूर्ण कार्यक्रमभर रिकामी राहिली. मुली बाहेर उन्हात गायल्या. त्यांचा आवाज आत येत होता, पाहुणे वर बघत होते आणि वर कुणी नव्हतं.

बाबांचं नाव पुकारलं. आई खुर्चीतून उठली नाही. तीनदा पुकारलं.

आणि काका, काहीही पडलं नाही. चार तास वाट बघितली. एक खपली सुटली नाही. आता गावभर बोभाटा आहे, की मिस्त्रीच्या पोरीने डोकं फिरून बापाची बेइज्जती केली. काल मला निलंबनाचा कागद मिळाला. महोत्सवाच्या फायली दुसऱ्याकडे दिल्या, फोटोंचा एक संच मात्र क्रमांक घालायला माझ्या घरी होता, तो मागायला अजून कुणी आलेलं नाही. मी खोटी ठरले असेन तर बरंच आहे, असं दिवसा वाटतं.

जगदेवी


लातूर, ता. २० मे

चि. जगदेवीस आशीर्वाद.

पोरी घरी गेल्या, एवढंच मोठं. हसतील त्यांना हसू दे.

पण तू खोटी ठरलीस असं समजू नको. कच्चा स्लॅब वाट बघतो. वर वजन चढवू नका म्हणून कुणाला तरी सांग. केरबाला तर सांगच.

शरणप्पा


नांदेड,
दि. ९ जून १९८६

ती. काका यांस,
शरणु शरणार्थ.

गॅलरी चार जूनला दुपारी तीन वाजता पडली. केरबा गेला.

महोत्सवाच्या लोखंडी खुर्च्या ठेवायला जागा नव्हती. भुजंगरावांनी सांगितलं, गॅलरीत रचून ठेवा, म्हणजे ती भक्कम आहे हे लोकांना दिसेल. चार-पाचशे खुर्च्या चढवल्या. शेवटच्या रचताना केरबा वर होता. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी त्याला सांगितलं होतं. हसला होता. म्हणाला होता, "ताई, मला बी दिसतंय. पण हुकूम झाला तर चढाय लागतंय." मी तेव्हा त्याच्या साहेबांकडे पुन्हा जायला हवं होतं. निलंबित बाईला कोण आत घेणार, असा विचार करून घरी बसले. तो विचार आता मला बसू देत नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरला समितीचं निवेदन आलं : वादळी वाऱ्यामुळे सभागृहाच्या गॅलरीचा भाग कोसळून एक कर्मचारी मृत. काका, त्या दुपारी आमच्या दोरीवरची ओढणीसुद्धा हलली नव्हती.

पण या वेळी शिवकांताबाईंनी कलेक्टरांना पत्र दिलं. एकशेवीस पोरींच्या आईबापांच्या सह्या गोळा केल्या. चौकशी लागलीय. एकोणीस जूनला सुनावणी आहे. निगेटिव्ह मी हजर करणार आहे. चौकशीवाल्यांनी विचारलंय, ह्या कुणी काढल्या आणि याला पुरावा काय. तुमचं नाव अजून दिलेलं नाही. तुम्ही सांगाल तरच देईन.

आणखी एका कामासाठी लिहितेय. काल केरबाची बायको तारामती आली होती. तिच्याकडे त्याचा एकही फोटो नाही. म्हणाली, "ताई, तुमच्या महोत्सवात तर लई फोटो काढले. त्यात माझा माणूस कुठं असंल." आम्ही दोघी जमिनीवर बसून घरातला संच पसरला. चारशे दहा फोटो. मंत्री, पाहुणे, हार, समया, मंत्र्यांची मोटार, भुजंगराव, भुजंगराव. अडीच तास बघत होतो. तीनशे अठ्ठ्याऐंशीव्या फोटोत तो आहे. मोटारीला दार उघडून देतोय. मोटारीची काच मधे आल्यामुळे अर्धाच चेहरा दिसतो. तारामतीने त्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही.

तो फोटो सोबत पाठवते. मोठा करून द्याल का?

जगदेवी


श्री बसवेश्वर प्रसन्न

लातूर, ता. १६ जून ८६

चि. जगदेवीस आशीर्वाद.

केरबाचा फोटो मोठा केला. दोन प्रती केल्या, एक तारामतीला, एक तुझ्या फायलीला. ह्या फोटोला चांगल्या पाण्याच्या दोन घागरी घालवल्या, दानम्मानं स्वयंपाकातलं पाणी दिलं. हा पिवळा पडायचा न्हाई.

तोंड अर्धंच हाय. उरलेलं अर्धं ब्रशनं भरता येतं, तो माझा धंदाच हाय. लोकांच्या लग्नातल्या फोटोत मेलेल्या आजोबाला कोट घालून बसवलंय मी. पण ह्यात काही भरलं न्हाई. तारामतीला विचार, ती म्हणाली तर भरतो.

माझं नाव दे. स्टुडिओचं नको, माझं पूर्ण नाव दे, आणि पत्ता बी. ते दोघं परवा पुन्हा हाटेलात दिसले. मी त्यांच्या समोर जाऊन बसलो, चहा मागवला, म्हटलं, "एकोणीसला नांदेडला चाललोय, तुमच्या साहेबाला सांगा." भ्या होतंच, पण चहाचे पैसे तिघांचे मीच दिले.

सुनावणीत विचारतील टेकू कुणी काढले. त्याचं उत्तर तू देऊ नको. मी देतो. तू त्याची पोर हाईस, पण तेव्हा त्याच्या शेजारी मी उभा होतो. हुकूम कुणी दिला ते बी माझ्याच कानांनी ऐकलंय. तिसरं बी सांगणार हाय, की मी पंचवीस वर्षं गप्प बसलो. आधीच बोललो असतो तर त्या सभागृहात अशी गॅलरी कुणी काढली नसती. केरबाच्या बायकोसमोर हे बोलायचंय, म्हणून तिला बी बोलाव.

दानम्मा आणि मी बुधवारच्या पहिल्या गाडीनं निघतो. स्टँडवर येऊ नको, आमच्यासोबत तुला कुणी बघायला नको, असं आधी इथं लिहिलं होतं. ते खोडलंय.

ये.

शरणप्पा